मारबतीवर बोर्डगेम करून राहिलो आहे, पण पत्त्यांवरची गोष्ट कोणी वाचतच नाही. काय करू?

महालकर

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा, महालात राहतो. मारबतीच्या मिरवणुकीवर एक बोर्डगेम तयार करून राहिलो आहे. विदर्भाबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बांबू-कागदाच्या भल्यामोठ्या मूर्ती, सोबत ठिकठिकाणच्या पोरांनी केलेले बडगे, म्हणजे पुतळे. बडग्यांवर त्या वर्षी ज्याचा राग असेल ते लिहिलेलं असतं. महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, काहीही. सगळी गर्दी ओरडते, "इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" आणि शेवटी मारबतीला जाळतात.

माझा खेळ असा आहे. बोर्डवर जुन्या नागपूरचा नकाशा: महाल, इतवारी, गांधीबाग, जागनाथ बुधवारी. प्रत्येकाचा एक मोहल्ला आणि एक बडग्या. फासा टाकायचा, बडग्या ओढत न्यायचा, खुणेच्या घरावर आला की पत्ता उचलायचा. पत्त्यांवर मी खूप मन लावून लिहिलं आहे. एक नमुना देतो:

"नळाला तीन दिवसांपासून पाणी नाही. टँकर आला तेव्हा रांगेत दोन बाया घागरीवरून भांडल्या. पोरांनी ठरवलं, यंदा बडग्याच्या हातात रिकामी घागर द्यायची. दोन घरं मागे."

घरी भावंडांसोबत खेळायला बसलो तर सगळे फक्त शेवटची ओळ वाचतात. माझा आतेभाऊ तर सरळ म्हणतो, "अबे, वरचं सोड ना. किती घरं ते सांग." मला मारबतीचं चित्र छापलेला लुडो नाही करायचा. त्या दिवशीचं जे वातावरण असतं, ते टेबलावर यायला पाहिजे. मजकूर कमी करू का? गोष्ट सांगणारा एक वेगळा खेळाडू ठेवू का? ज्यांनी गोष्टीवाले खेळ खेळले आहेत त्यांनी कृपया सांगा.

---

फासेपट्टू

भाऊ, विषय एकदम दमदार.

"डेड ऑफ विंटर" (२०१४) खेळला नसशील तर जमलं तर खेळून पहा. त्यात चौरस्त्याचे पत्ते म्हणून प्रकार आहे. तुझी पाळी आली की तुझ्या शेजारचा एक पत्ता उचलतो आणि मनातल्या मनात वाचतो. त्यावर एक अट असते. तू तुझ्या पाळीत नेमकं ते केलंस, तर तो तुला थांबवतो आणि मोठ्याने वाचतो. नाही केलंस तर पत्ता तसाच जातो. त्यामुळे सगळे कान देऊन ऐकतात, कारण तो मजकूर तुझ्या कृतीवर आलेला असतो आणि पुढे तुलाच ठरवायचं असतं.

तुझा पत्ता तुझ्या हातात नको, शेजाऱ्याच्या हातात दे. एवढ्यानेही फरक पडेल.

---

प्रेसवाला, गांधीबाग

छपाईच्या बाजूने सांगतो. ठळक आकडा किंवा चिन्ह जिथे असतं तिथे नजर आधी जाते. लग्नपत्रिकेतसुद्धा लोक आधी तारीख आणि कार्यालय पाहतात, वरचा श्लोक नंतर, वेळ असला तर. तुमचा परिणाम शेवटी आहे आणि तो वेगळा दिसतो, म्हणून लोक तिथेच जाणार. परिणाम पत्त्याच्या मागच्या बाजूला टाका. समोर दोन पर्याय, निवडल्याशिवाय पलटायचं नाही.

---

शनिवारची बैठक

महालकर दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. नागपूरच्या माणसाने मारबतीवर खेळ करावा ही गोष्टच मला फार मोठी वाटते.

आमच्याकडे त्रिमूर्तीनगरात शनिवारी संध्याकाळी लोक खेळायला जमतात. शेजारची कॉलेजची मुलं, नणंदेची दोन लेकरं, माझे सासरे. गोष्ट टेबलावर कधी येते आणि कधी येत नाही, हे मी तिथे बसून पाहिलेलं आहे. वरच्या दोघांनी सांगितलेले उपाय चांगले आहेत, पण ते पत्ता वाचून घेण्याचे उपाय आहेत. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. बोर्डगेममधली गोष्ट परत भेटण्यातून तयार होते. एकदा येऊन गेलेली जागा, माणूस किंवा वस्तू पुन्हा समोर आली आणि मधल्या काळात तिचं काही बदललेलं असलं, की खेळणारे आपणहून बोलायला लागतात. तुमच्या पत्त्यावरचा नळ एकदा येतो, दोन घरं मागे नेतो आणि टाकलेल्या पत्त्यांत जाऊन पडतो. त्या दोघी बायांचं पुढे काय झालं हे खेळात कधीच कळणार नाही. मग आतेभावाने त्यांच्याबद्दल का वाचावं?

"पॅन्डेमिक" घ्या. मॅट लीकॉकचा, २००८ चा खेळ. सगळे मिळून चार रोगांशी लढतात. रोगाच्या पत्त्यांवर गोष्ट म्हणावी असं एक वाक्य नाही, शहराचं नाव आहे फक्त. शहराचा पत्ता निघाला की तिथे रोगाचा एक ठोकळा ठेवायचा. तीन असतील आणि चौथा आला, तर चौथा ठेवायचा नाही, उद्रेक होतो आणि लागून असलेल्या प्रत्येक शहरात एकेक ठोकळा पडतो. इथवर साधं आहे. खरी करामत साथीच्या पत्त्यात आहे. तो निघाला की आतापर्यंत टाकलेले सगळे शहरांचे पत्ते पिसायचे आणि परत गड्डीच्या वर ठेवायचे. खाली नाही, वर. म्हणजे जी शहरं आत्ताच आजारी पडली तीच पुन्हा येणार हे टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. कोणतं आधी, एवढंच ठाऊक नसतं.

एका शनिवारी माझे सासरे वैद्याच्या भूमिकेत होते. वैद्य एका कृतीत एका शहरातला एका रंगाचा सगळा रोग काढून टाकतो. त्यांनी चेन्नई साफ केली, दोन कृती उरल्या. दिल्लीवर तीन ठोकळे, मुंबईवर तीन. चेन्नईहून दोन्ही एकेक पाऊल. नणंदेचा मुलगा म्हणत होता, "आबा, दिल्लीला जा, दिल्लीला लागून जास्त शहरं आहेत." हिशेबाने तो बरोबर होता. पण आबांची उमेदीची वर्षं मुंबईत रेल्वेत गेली. ते मुंबईला गेले. लगेचच दिल्लीचा पत्ता निघाला. तेहरान, कराची, कोलकाता, आणि आत्ताच पुसून काढलेल्या मुंबई-चेन्नईतही पुन्हा एकेक ठोकळा. पोरगं ओरडलं, "आबा, तुमच्या मुंबईपायी दिल्ली गेली ना!" आबा म्हणाले, "जाऊ दे बेटा, दादर वाचलं." तो संवाद कोणत्याही पत्त्यावर छापलेला नव्हता. नियमांनी एका माणसाला अशा जागी उभं केलं की त्याला काहीतरी सोडावं लागलं, आणि जे सोडलं ते लगेच परत आलं. आजही दिल्लीचा पत्ता निघाला की कोणीतरी आबांकडे पाहतंच.

हाच धागा "पॅन्डेमिक लेगसी"च्या पहिल्या सीझनने (२०१५) पुढे नेला. तो रॉब डेव्हियो आणि लीकॉक यांनी मिळून केला. बारा महिन्यांची मोहीम आहे, एखादा महिना हरलात तर तो आणखी एकदा खेळायला मिळतो. बोर्डवर स्टिकर लागतात आणि निघत नाहीत, काही पत्ते खरोखर फाडायला सांगतात, उद्रेकात सापडलेल्या पात्रावर कायमची खूण राहते. मागच्या महिन्यातलं नुकसान या महिन्यात तुमच्या समोर बसलेलं असतं. डेव्हियोने हे आधी "रिस्क लेगसी"त (२०११) करून दाखवलं होतं.

आणि आपल्याकडे बघा. मोक्षपट होताच की. परंपरा त्याचं नाव ज्ञानेश्वरांशी जोडते. घरांना नावं, शिडीच्या पायथ्याशी सद्गुण, सापाच्या तोंडाशी दुर्गुण. पडलेला माणूस कशामुळे पडला हे त्याला सांगता येत होतं, आणि पुन्हा त्याच सापाच्या जवळ आला की त्या दुर्गुणाचं नाव पुन्हा वाचावं लागत होतं. घरांची नावं पुसली आणि सापशिडी उरली. फासा तोच, साप तेच, पण आता पोरं एवढंच म्हणतात की अठ्ठ्याण्णववर साप आहे. तुमचा खेळ आज या दुसऱ्या अवस्थेत आहे असं मला वाटतं. नावं आहेत, पण ती फाशाच्या वाटेत येत नाहीत.

आता मारबत. तिच्यात मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे की जिला जाळायचं तिची आधी पूजा होते. लोक हात जोडतात, नमस्कार करतात, मग अख्ख्या शहराचं ओझं तिच्या अंगावर टाकतात आणि तिलाच पेटवतात. हे तुमच्या खेळात कुठे आहे? तुमचा खेळाडू बडग्या ओढत पुढे जातो, म्हणजे ती शर्यत झाली. मारबतीत कोणी पहिलं येत नाही, दादा. तिथे प्रश्न असतो की यंदा काय काय गेलं आणि काय राहून गेलं.

म्हणून मी असं करून पाहीन. मारबत बोर्डच्या मध्यात, सगळ्यांची मिळून एक. बांबू, कागद, रंग असे तुकडे लावून ती खेळभर उभी राहत जाते. खेळ सुरू होताना प्रत्येकाने आपल्या मोहल्ल्याच्या दोन पीडा चिठ्ठ्यांवर पेन्सिलने स्वतः लिहायच्या. तुम्ही लिहून दिलेल्या नाही, त्यांच्या. दोन-तीन शब्द पुरे. ती चिठ्ठी समोर आहे तोवर दर फेरीला काहीतरी खर्च होतं: एक बांबू किंवा एक पाऊल. मारबतीला तुकडा लावला तरच तिच्यावर चिठ्ठी टाकता येते, आणि टाकताना उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "अमुक घेऊन जा गे मारबत!" बाकीच्यांनी साथ दिली तरच चिठ्ठी चढते. साथ द्यायला त्यांचाही एक बांबू जातो. म्हणजे तुमची पीडा आम्ही आमची मानायची का, हा प्रश्न प्रत्येक वेळी टेबलावर येतो.

मारबत उभी असेपर्यंत तिने मदत करावी. जितकी मोठी, तितकी जास्त. मग शेवटी तिला जाळताना जीव थोडा अडकेल, आणि अडकायलाच पाहिजे. तिच्यावर चढलेल्या चिठ्ठ्या फाडायच्या. ज्या राहिल्या त्या खोक्यात ठेवायच्या, आणि पुढच्या खेळाला त्या पिसून वाटायच्या. तुमच्या महालातली पीडा पुढच्या वेळी इतवारीच्या वाट्याला आली, तर इतवारीवाला विचारणारच, "हे कोणाचं आहे बाप्पा?" तिथून पुढे तुम्हाला काही लिहावं लागणार नाही.

तुमची घागरीची गोष्ट मात्र फेकू नका. फार चांगली आहे. ती एका पत्त्यात संपवू नका, तीन पत्त्यांत तोडा. पहिल्यात टँकरची रांग, त्यात कोणाची बाजू घेतली ते ठरवायचं. दुसऱ्यात पोरं बडग्याच्या हातात रिकामी घागर देतात. तिसऱ्यात त्या दोघींपैकी जिची बाजू घेतली नाही, ती बांबू द्यायला आलेली असते. द्यायचा की नाही हे तिच्या हातात.

---

फासेपट्टू

ताई, भेटीगाठींचा मुद्दा पटला, पण मजकुराला एवढं मागे टाकू नका. "शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह" १९८१ चा खेळ आहे, लंडनचा नकाशा, कोण कुठे राहतं त्याची यादी, वर्तमानपत्रं आणि वाचायला पानंच्या पानं. फासा नाहीच. १९८५ मध्ये त्याला जर्मनीचा "श्पील देस यारेस", म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. लोक तासन् तास वाचतात. "टेल्स ऑफ द अरेबियन नाइट्स"मध्ये (१९८५) तर जाडजूड पुस्तकच आहे, आणि ते वाचण्यातच मजा आहे.

---

शनिवारची बैठक

दोन्ही मला अतिशय आवडतात, आणि दोन्हीत मजकूर मागून घेतलेला असतो. शेरलॉकमध्ये तुम्ही डोकं लावून ठरवता की आता या माणसाच्या घरी जायचं, मग त्याचा उतारा उघडता. दार तुम्ही ठोठावलेलं असतं, म्हणून आत काय आहे ते अधाशासारखं वाचता. अरेबियन नाइट्समध्ये समोर कोणी आलं की आधी तुम्ही काय करणार ते निवडायचं: मदत, लूट, प्रार्थना, जे असेल ते. मग दुसरा खेळाडू पुस्तकातून परिणाम वाचतो. शाप लागला किंवा लग्न झालं तर ते पुढे अंगाला चिकटून राहतं. परत भेटतंच ते.

महालकर दादांचा पत्ता न विचारता येतो आणि काही न ठेवता जातो. मजकुराच्या लांबीपेक्षा मला हे जास्त खटकलं.

---

महालकर

ताई, तुमचं उत्तर मी भावंडांना मोठ्याने वाचून दाखवलं. आतेभाऊ पूर्ण ऐकत होता.

शर्यत काढून टाकतो. "मारबतीत कोणी पहिलं येत नाही" हे वाचल्यावर पर्यायच राहिला नाही. दोन अडचणी आहेत. एक, सगळ्यांनी मिळून खेळायचं म्हटलं तर एखादा हुशार सगळ्यांना सांगत बसतो की तू हे कर, तू ते कर. दोन, काळ्या मारबतीच्या मागे नागपूरच्या भोसल्यांची राणी बाकाबाई हिची कथा सांगतात. ती खेळात आणायची असेल तर खलनायिका म्हणून आणू का?

---

जुनी कागदपत्रं

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण तो माझ्या जवळचा आहे.

नागपूरचे भोसले आणि इंग्रज यांच्यातली सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ ची. पुढच्या वर्षी इंग्रजांनी आप्पासाहेब भोसल्यांना गादीवरून काढलं. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि त्यानंतर राज्य खालसा झालं. बाकाबाई इंग्रजांना मिळाल्या, त्या रागातून काळी मारबत आली, असं लोक सांगतात. मिरवणुकीची सुरुवात १८८१ ची. म्हणजे लढाईनंतर साठ वर्षांहून जास्त काळ गेल्यावर लोकांनी त्या रागाला हे रूप दिलं, असा या कथेचा अर्थ होतो. हा इतका जुना राग कसा टिकला, कोणी टिकवला, हे मला त्या बाईच्या दोषापेक्षा मोठं वाटतं.

तिचा चेहरा खलनायिकेच्या पत्त्यावर छापलात तर प्रश्न तिथेच मिटतो. त्यापेक्षा प्रत्येक मोहल्ल्याला तिच्याबद्दल ऐकलेली एकेक ओळ द्या. एकाकडे गद्दारीची, एकाकडे राज्य वाचवायला झटलेल्या राणीची, एकाकडे नुसती आजीने सांगितलेली. कोणाची खरी हे खेळाने सांगू नये. शेवटी ती ओळ मारबतीवर टाकायची की स्वतःजवळ ठेवायची, हे खेळाडू ठरवेल.

---

शनिवारची बैठक

वा! ही कल्पना जशीच्या तशी घ्या, दादा.

पहिल्या अडचणीबद्दल. एकाने सगळ्यांना चालवण्याचा त्रास सहकारी खेळांत नेहमीचा आहे, पॅन्डेमिकमध्येही होतो. तुमच्याकडे त्यावर औषध आयतंच आहे: चिठ्ठ्या पालथ्या ठेवा. माझ्या मोहल्ल्याची पीडा काय आहे हे मी उभी राहून ओरडेपर्यंत कोणाला कळायला नको. मग हुशार माणूस सांगणार काय?

रविवारी आम्ही कोऱ्या कागदांवर एवढाच भाग खेळून पाहिला, बांबू म्हणून आगकाड्या घेतल्या. शेजारच्या कॉलेजच्या मुलाने लिहिलं, "मेसचं जेवण." नणंदेच्या मुलीने, ती चौथीत आहे, लिहिलं, "बाबा उशिरा येतात." तिने उभं राहून ते म्हटलं तेव्हा सगळ्यांनी न विचारता बांबू दिले. आबांनी त्यांच्याजवळचे होते नव्हते तेवढे दिले आणि त्यांची स्वतःची चिठ्ठी राहून गेली. ती काय होती हे त्यांनी सांगितलं नाही. नियमाप्रमाणे ती आता आमच्या खोक्यात आहे, पुढच्या शनिवारी कोणाकडे तरी जाईल.

एक बदल सुचवते. साथीचा खर्च सरसकट एक बांबू ठेवू नका, पहिल्या फेऱ्यांत फुकट ठेवा. आमच्याकडे सुरुवातीला बांबूच नव्हते, त्यामुळे पहिल्या दोन हाका वाया गेल्या आणि मुलं हिरमुसली.

---

महालकर

चौथीतल्या पोरीची चिठ्ठी वाचून काही वेळ सुचलंच नाही. पहिल्या दोन फेऱ्या साथ फुकट, चिठ्ठ्या पालथ्या, बाकाबाईच्या ओळी मोहल्ल्यागणिक वेगळ्या. घागरीची गोष्ट तीन पत्त्यांत तोडायला घेतली आहे.

प्रेसवाले काका, आता पेन्सिलने लिहायच्या चिठ्ठ्या आणि नेहमीचे पत्ते असे दोन प्रकार झाले. एकाच कागदावर छापून होईल का?

---

प्रेसवाला, गांधीबाग

नाही होणार. पत्त्यांना ३०० जीएसएम आर्ट कार्ड आणि त्यावर मॅट लॅमिनेशन घ्या. ग्लॉस घेऊ नका, ट्यूबलाइटखाली अक्षर चमकतं. लॅमिनेशनवर पेन्सिल उमटत नाही, म्हणून चिठ्ठ्या वेगळ्या, साध्या मॅपलिथो कागदावर, लॅमिनेशन न करता. शिवाय त्या फाडायच्या आहेत, लॅमिनेट केलेला कागद पोरांच्या हातून नीट फाटणार नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात लोक कूलरसमोरच खेळायला बसणार, तेव्हा चिठ्ठ्या उडतील आणि ओलाव्याने वळतील. त्या ठेवायला प्रत्येक मोहल्ल्याच्या पाटीला एक खाच करून घ्या, डाय, म्हणजे कापायचा साचा, बनवतानाच सांगा. आणि आधी डिजिटलवर एकच संच काढा. नियम पक्के झाले की मग ऑफसेटचं बघू.